एकच गाणं गाजवून दिसेनासे झालेले गायक तुम्हाला आठवतात का?

तुम्ही विचारलंय की एकच गाणं तुफान गाजलं आणि त्या गायकाचं पुढे काहीच ऐकू आलं नाही, अशी मागच्या काळातली कोणती गाणी आठवतात. नुसती यादी कुणीही देईल. मी गल्ल्यावरून सांगतो, कारण नव्वदीच्या दशकात माझ्या मामांचं सांगली जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी, एसटी स्टँडसमोर, कॅसेटचं दुकान होतं आणि शाळेच्या सगळ्या उन्हाळी सुट्ट्या मी तिथे बसून काढल्या.

पुढे विकायच्या कॅसेटा, आत पडद्यामागे डबल डेक, म्हणजे एका कॅसेटवरून दुसरीवर भरायचा दोन खणांचा टेप. 'येथे कॅसेट भरून मिळतील' अशी पाटीच होती. (सरळसरळ चोरीच ती. तेव्हा कुणाच्या डोक्यातही आलं नाही.) गिऱ्हाईक वहीच्या कागदावर गाणी लिहून आणायचं, आम्ही साठ किंवा नव्वद मिनिटांच्या कोऱ्या कॅसेटवर ती भरून द्यायचो.

१९९७ च्या सुट्टीत एक वडापवाला, म्हणजे सवाऱ्या भरून जीप चालवणारा ड्रायव्हर आला. यादी नाही, काही नाही. म्हणाला, "ते परदेसी भर."

मी विचारलं, "आणि बाकी?"

"बाकी काय? त्येच. दोन्ही बाजूला त्येच."

'तुम तो ठहरे परदेसी'. अल्ताफ राजाचं ते लांबलचक, मध्येमध्ये शेरोशायरी पेरलेलं गाणं आम्ही त्याला पट्टी संपेपर्यंत एकामागून एक भरून दिलं. आठवड्याभरात आणखी दोघे तेच मागायला आले. त्या वर्षी आमच्या तालुक्यातून जीपने प्रवास केलेल्या माणसाला हे गाणं पाठ नसेल, तर तो टपावर बसला असणार.

अल्ताफ राजा जन्माने नागपूरचा. आई-वडील दोघेही कव्वाली गाणारे, त्यामुळे तो आवाज एका रात्रीत उगवला नव्हता. आमच्या लेखी मात्र तो त्या एका गाण्यातून आला आणि त्यातच राहिला. २०१३ साली 'घनचक्कर'मध्ये त्याचं गाणं ऐकलं तेव्हा मी चक्क दचकलो. म्हणजे हा इतकी वर्षं गातच होता? ऐकायचं आम्ही सोडलं होतं.

मामांकडे एकगाणी गायक ओळखायची स्वतःची खूण होती. रीळ अडकून तुटली की लोक कॅसेट दुरुस्तीला आणायचे. मामा बारीक स्क्रूड्रायव्हरने पाच स्क्रू काढायचे, पट्टीची दोन टोकं ब्लेडने तिरकी कापायची, मागून चिकटपट्टीचा तुकडा लावायचा, पेन्सिल घालून घट्ट गुंडाळायची. आणि पट्टी कुठे तुटलीय ते बघून, लेबल न वाचता, म्हणायचे, "एकाच गाण्याचा मालक दिसतोय." कारण पट्टी पुन्हा पुन्हा मागे घेऊन एकाच ठिकाणी झिजलेली असायची.

यात एक बिचारं गाणं हकनाक मरायचं. कॅसेटच्या दोन्ही बाजू एकाच पट्टीवर असतात, उलट्या दिशेने. ए साइडचं पहिलं गाणं जिथे, बरोबर तिथेच बी साइडचं शेवटचं. म्हणजे गाजलेल्या गाण्यापाशी पट्टी तुटली आणि आम्ही अर्धा इंच कापून जोडली, की मागच्या बाजूच्या, कुणी कधी न ऐकलेल्या शेवटच्या गाण्यातही तेवढाच खड्डा पडायचा.

बी साइडला असं हिणवताना मला पुढे कळलेल्या दोन गोष्टींनी मात्र तोंडावर आपटलं.

पहिली बिड्डूची. हा आपला बंगळुरूचा संगीतकार. १९७४ साली तो लंडनमध्ये कार्ल डग्लस या जमैकन गायकाचं गाणं रेकॉर्ड करत होता. स्टुडिओचा बहुतेक वेळ मुख्य गाण्यावरच गेला. रेकॉर्डच्या मागच्या बाजूला काहीतरी हवं म्हणून डग्लसने लिहिलेल्या ओळींमधून बिड्डूने कुंग फूवरच्या काढल्या आणि उरल्यासुरल्या वेळात ते गाणं उरकून टाकलं. कंपनीतल्या लोकांनी ऐकलं आणि बाजू उलटवली. 'कुंग फू फायटिंग' त्याच वर्षी ब्रिटन आणि अमेरिका, दोन्हीकडे पहिल्या क्रमांकावर गेलं. डग्लसने पाठोपाठ 'डान्स द कुंग फू' काढून तोच ऊस पुन्हा चरकात घालून पाहिला, पण पहिल्यासारखा रस काही निघाला नाही. आज एकगाणी गायकांची नावं निघाली की त्याचं नाव हमखास निघतं.

बिड्डूचं मात्र तसं झालं नाही. १९८० मध्ये 'कुर्बानी'तलं 'आप जैसा कोई' त्याचं, जे पंधरा वर्षांच्या नाझिया हसनने गायलं. १९९५ मध्ये अलिशा चिनॉयचं 'मेड इन इंडिया' पुन्हा त्याचंच. व्हिडिओत मिलिंद सोमण. ती कॅसेट पोरी पॉकेटमनी साठवून घ्यायच्या आणि कव्हर गाण्यापेक्षा जास्त जपायच्या. तीन दशकं, तीन आवाज, मागे माणूस एकच. गाणाऱ्याला लोक विसरतात तेव्हा चाल करणारा बऱ्याचदा पुढच्या स्टुडिओत बसलेला असतो, हे मला बिड्डूमुळे समजलं.

दुसरी गोष्ट बाबा सहगलच्या 'ठंडा ठंडा पानी'ची. १९९२. आमच्याकडे रॅप हा शब्द त्या कॅसेटबरोबर आला. मामा म्हणायचे, हा गातोय की कुणाला झापतोय? ते व्हॅनिला आइस या अमेरिकन रॅपरच्या 'आइस आइस बेबी'वरून उचललेलं होतं, आणि त्याची ती डुगडुगणारी सुरुवात क्वीन हा बँड आणि गायक डेव्हिड बोवी यांच्या १९८१ मधल्या 'अंडर प्रेशर'ची. गंमत पुढे आहे. 'आइस आइस बेबी'सुद्धा आधी मागच्या बाजूलाच होतं. पुढच्या बाजूला होतं 'प्ले दॅट फंकी म्युझिक', वाइल्ड चेरी या बँडच्या १९७६ मधल्या एकमेव मोठ्या गाण्याची नवी आवृत्ती. एका डीजेने तबकडी उलटी लावली आणि पुढचं सगळं घडलं. म्हणजे एका एकगाणी बँडचं गाणं पुढे, त्याच्या पाठीमागे दुसऱ्या एकगाणी गायकाचं नशीब, आणि त्याच्यावरून तिसरा आपला मुंबईत रॅप करतोय.

'माकारेना'बद्दल थोडक्यात सांगतो, कारण ते सगळ्यांनाच आठवतं. १९९६ मध्ये ते अमेरिकेत १४ आठवडे पहिल्या क्रमांकावर होतं आणि आमच्याकडे गॅदरिंगला. आमच्या पीटीच्या सरांना ते नाचाऐवजी कवायतीसाठी पसंत पडलं होतं. ते गाणारी जोडी लोस देल रिओ म्हणजे कुणी कोवळी पोरं असतील असं मला वाटायचं. प्रत्यक्षात ते स्पेनमधल्या सेव्हिलजवळच्या गावातले दोन प्रौढ गृहस्थ, साठच्या दशकापासून एकत्र गाणारे. अशांना एका गाण्याचे गायक म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

मराठीत विचाराल तर 'गारवा'. सौमित्रचे शब्द, मिलिंद इंगळेंची चाल आणि आवाज. इंगळेंनी पुढेही काम केलंय, म्हणून यादीत त्यांना बसवणं तसं अन्यायाचंच. पण आमच्या दुकानात ती एकच कॅसेट अशी होती, की लोक सुरुवातीचं नुसतं बोललेलं कवितेचं पान ऐकायला पट्टी मागे घ्यायचे. गाण्याआधीच झिजलेली दुसरी पट्टी मी पाहिली नाही.

आता खरी मेख. एकच गाणं गाजलं हे दुकानदाराला कधी कळायचं? दुसरी कॅसेट आली की. पहिली खपली म्हणून डीलर दुसरीचा अख्खा खोका गळ्यात मारायचा, परत घ्यायचा नाही. अशाच एका गायिकेच्या दुसऱ्या अल्बमच्या चाळीस कॅसेटा मामांकडे पडून होत्या. नाव घेत नाही, त्या बाईंचा काही दोष नव्हता. दोन वर्षं वाट पाहून मामांनी कॅसेटच्या वरच्या कडेची दोन्ही भोकं चिकटपट्टीने बुजवली, म्हणजे त्यावर पुन्हा भरता येतं, आणि सगळ्यांवर हरिपाठ भरला. आषाढीच्या आधी आठ दिवसांत संपल्या.

त्यातली एक आईकडे अजून आहे, टेपही चालू आहे. हरिपाठ बाजू संपायच्या थोडा आधीच संपतो. तेव्हा आईचे हात कणकेत असतात, बंद करायला कुणी उठत नाही. मग खर्रकन आवाज येतो आणि त्या गायिकेचं, कधीच न चाललेलं गाणं मधूनच सुरू होतं, जेमतेम दोन मिनिटं, आणि कडव्याच्या अर्ध्यात बटण टपकन वर येतं. आमच्या घरात ते कडवं सगळ्यांना येतं. परवा माझी मुलगी गुणगुणत होती, आणि बरोबर त्याच शब्दाला थांबली.