गावांच्या नावांपुढील आकडे सरळ रेषेत का येत नाहीत?

प्रश्न : रावेर तालुक्यातील केळीच्या हिशेबासाठी मी पायथन या संगणकभाषेत छोटा प्रोग्राम लिहिला आहे. गावाच्या नावाला दहाची रुंदी दिली, तरी त्यापुढील आकडे एका रेषेत येत नाहीत. असे का होते?
— एक विद्यार्थी, सावदा

उत्तर : आपण दिलेली रुंदी पायथन डोळ्यांना दिसणाऱ्या अक्षरांत मोजत नाही, तर युनिकोडच्या (जगभरच्या लिप्यांतील चिन्हांना क्रमांक देणाऱ्या पद्धतीच्या) संकेतांकांत मोजतो, आणि काना, मात्रा, वेलांटी यांना स्वतंत्र संकेतांक असतात. त्यामुळे ‘यावल’ची लांबी ४, तर ‘रावेर’ची ५ भरते, दिसायला दोन्ही तीन अक्षरीच असली, तरी पहिल्यापुढे ६ आणि दुसऱ्यापुढे ५ मोकळ्या जागा सुटतात. मजकुरात किमती बसवण्यासाठी २०१६ मध्ये पायथनच्या ३.६ आवृत्तीत आलेली एफ-स्ट्रिंग असो वा त्याच कामाची जुनी फॉरमॅट पद्धत, नियम हाच आहे. पायथनसोबतच येणाऱ्या युनिकोडडेटा मॉड्यूलमधील कॅटेगरी फंक्शनने ज्यांचा वर्ग ‘एम’ने (मार्क, म्हणजे अक्षराला जोडून येणारे चिन्ह) सुरू होतो ती चिन्हे वगळून लांबी मोजावी आणि उरलेल्या जागा स्वतः भराव्यात. (तेथीलच कंबाइनिंग फंक्शन वापरू नये, काना-मात्रांसाठी ते शून्यच देते, त्यामुळे ती ओळखता येत नाहीत.) एक दिसणारे जोडाक्षर दोन मोजले जाते, ही अडचण मात्र यानेही सुटत नाही, शिवाय बहुतेक देवनागरी फॉन्टमध्ये अक्षरांची रुंदी सारखी नसते; म्हणून छापायच्या बिलासाठी मोकळ्या जागांचा नाद सोडून एचटीएमएलचा (वेबपाने ज्या भाषेत लिहितात तिचा) तक्ताच करावा, असे माझे स्पष्ट मत आहे.