वाचक विचारतात: बर्फात चढून स्की करायची, तर अंगात काय आणि बॅगेत काय?

मागच्या अंकात गुलमर्गला जाऊन स्की कशी शिकायची ते लिहिलं होतं, त्यावर मराठवाड्यातून बरीच पत्रं आली. बहुतेकांचा बेसिक कोर्स झालेला आहे आणि आता त्यांना रोपवे, तयार उतार हे सगळं सोडून स्वतःच्या पायानं डोंगर चढायचाय आणि कोऱ्या बर्फातनं खाली यायचंय, म्हणजे ज्याला बॅककंट्री स्कीइंग म्हणतात ते. प्रश्न सगळे कपड्यांचे आणि सामानाचे. काही निवडून उत्तरं देतोय.

परभणीहून एक वाचक: सर, आम्ही तिघं मित्र फेब्रुवारीत गुलमर्गला जायलोत. आमच्याकडं पारा ६-७ वर आला तरी लोक शेकोटीपासून हलत नाहीत, तिथं तर मायनस १० सांगायलेत. ऑनलाइन एक लै जाड जॅकेट बघून ठेवलंय, मायनस २० वालं, घेऊ का? आत स्वेटर चालतो का?

भाऊ, ते जॅकेट सध्या राहू द्या. आपल्याकडच्या माणसाला थंडीचीच भीती असते, त्यामुळं पहिला सगळा खर्च जाड जॅकेटवर होतो. पण तुम्ही रोपवेनं वर जाणार नाहीत, पायाला स्की बांधून, खाली स्किन (स्कीच्या तळाला चिकटवायची, मागं घसरू न देणारी पट्टी) लावून दोन-तीन तास चढणार आहात, पाठीवर बॅग, आणि अशा चढाईत मायनस ५ मध्ये पण माणूस घामानं भिजतो. मग वर पोहोचलात, थांबलात, वारा लागला की तोच घाम गार पडतो आणि अंगातली सगळी ऊब ओढून नेतो. तिथं हुडहुडी भरली की बोटं चालत नाहीत, बोटं चालली नाहीत की बकल लागत नाही, स्किन निघत नाही, म्हणून सांगतो, कपडे निवडताना पहिला विचार घामाचा करायचा.

सगळ्यात आतला थर कॉटनचा नको म्हणजे नको. आपण कापसाच्या मुलखातले, अंगावर कॉटनशिवाय काही सहन होत नाही आणि आपल्या उन्हाळ्याला तेच बरोबर आहे, पण कॉटन पाणी धरून ठेवतं आणि लवकर वाळत नाही, बर्फात तेच महागात पडतं. बनियन आणि अंडरवेअरसुद्धा कॉटनची नको, हे लोक हमखास विसरतात. दिवाळीनंतर बाजारात जे थर्मल येतात त्यातले बरेच कॉटनमिक्स असतात, तेव्हा लेबल वाचूनच घ्या, पॉलिस्टर किंवा मेरिनो लोकर पाहिजे. लोकर ओली झाली तरी ऊब देते, हे आपल्या धनगरांना कुणी सांगायची गरज नाही, भर पावसात घोंगडीची खोळ घेऊन ते मेंढरामागं उभे राहतात ते उगंच नाही. मेरिनो म्हणजे तीच लोकर, फक्त बारीक आणि न टोचणारी. तुमचा घरचा स्वेटर लोकरीचा असेल तर चालेल, पण बाजारातले बरेचसे स्वेटर ॲक्रेलिकचे असतात आणि जाड विणीत बर्फ अडकून बसतो, त्यापेक्षा पातळ फ्लीस, म्हणजे मऊ लवदार पॉलिस्टरचा थर, बरं.

त्यावर शेल, म्हणजे आत अस्तर-कापूस काही नसलेलं, वारा आणि बर्फ अडवणारं पातळ जॅकेट. यावर १०,०००, २०,००० असे आकडे लिहिलेले असतात, तो पाणी अडवायचा हिशोब असतो आणि १०,००० च्या पुढं असलं की आपलं काम भागतं. पण आकड्यापेक्षा मी काखेतली चेन बघीन. काखेखाली चेन असलेलं जॅकेट चढताना उघडं ठेवता येतं, आणि पॅन्टला पण मांडीच्या बाजूला तशी चेन मिळाली तर सोनंच. जॅकेटची टोपी हेल्मेटवरनं बसली पाहिजे, हे दुकानात हेल्मेट घालूनच बघा.

आता ऊबदार फुगीर जॅकेट. ते पाहिजेच, पण ते बॅगेत राहतं, थांबलं की अंगावर येतं. पिसांचं असेल तर हलकं आणि गरम असतं पण भिजलं की पार चोथा होतो, सिंथेटिक थोडं जड पण ओल सहन करतं, पहिल्यांदा घेताय तर सिंथेटिक घ्या. आणि ते शेलच्या वरनं चढवता येईल एवढं मोठं घ्या, नाहीतर वाऱ्यात शेल काढून आत जॅकेट घालायची कसरत करत बसाल. निघताना थोडी थंडी वाजली पाहिजे, दहा मिनिटं चालल्यावर ती जाते. निघतानाच मस्त गरम वाटायलंय म्हणजे एक थर जास्त झालाय, तिथंच काढा.

हातमोजे दोन जोड्या, चढताना पातळ, उतरताना जाड. माकडटोपी घरी ठेवा, कानावरनं बसणारी पातळ टोपी आणि गळ्याला बफ, म्हणजे नळीसारखं पातळ कापड, पुरतं.

लातूरहून एक शिक्षिका: बूट, स्की सगळं भाड्यानं घ्यावं की विकत? एक ओळखीचे जुनी स्की स्वस्तात द्यायलेत, पण भाऊ म्हणतो पहिलं बूट घे. कुणाचं ऐकू?

ताई, भावाचं ऐका. नवीन बूट, स्की, बाइंडिंग (बूट स्कीला धरून ठेवणारा भाग), स्किन असा सगळा संच लाखाच्या पुढं सहज जातो, एवढा पैसा एकदम घालायची काही गरज नाही. स्की भाड्यानं मिळते, थोडी लांब-आखूड असली तरी निभतं, बुटाचं तसं नाही. बूट एक नंबरनं मोठा असला तर टाच आत वरखाली होते, तासाभरात फोड येतात आणि उतरताना स्की तुमचं ऐकत नाही. स्कीच्या बुटाचा नंबर सेंटीमीटरमध्ये असतो. भिंतीला टाच लावून उभं राहा, अंगठ्यापर्यंत मापून घ्या, २४ सेंटीमीटर आलं तर तिथनं सुरुवात करा, आपला चपलेचा नंबर विसरून जा. सरळ उभं राहिल्यावर बोटं पुढं हलकी टेकली पाहिजेत आणि गुडघे वाकवले की मागं सरली पाहिजेत. दुकानात बूट घट्टच वाटतो, म्हणून लोक मोठा घेतात, पण आतलं अस्तर वापरून दबतं आणि चांगल्या दुकानात ते गरम करून पायाला बसवून पण देतात. मोजा एकच, पातळ, गुडघ्यापर्यंतचा. दोन मोजे घातले की पाय आवळला जातो, रक्त फिरत नाही आणि उलट जास्त गार पडतो. बायकांसाठी वेगळे मॉडेल येतात, त्यात वरची कड पोटरीला खाली बसते, ते घालून बघा. घरी आणल्यावर टीव्ही बघताना तासभर पायात ठेवा, दुखायची जागा लगेच कळते.

बूट घेताना एक गोष्ट नक्की बघा, टाचेला आणि पुढं बोटाशी धातूच्या खोबणी आहेत का. चढायच्या हलक्या बाइंडिंगमध्ये दोन पिना बोटाशी धरतात आणि टाच मोकळी राहते, त्या खोबणी नसल्या तर बूट त्यात बसतच नाही. ओळखीच्यांची जुनी स्की पण याच नजरेनं तपासा. टाच सुटत नसली तर ती रोपवेची स्की, चढायला तिचा उपयोग नाही. चढायची निघाली तर तिच्या मापाच्या स्किन आहेत का विचारा, कारण स्किन स्कीच्या रुंदीला कापलेली असते, दोन्ही कडांना लोखंडी धार उघडी राहील एवढीच, एकीची दुसरीला लागत नाही. गुलमर्गचा बर्फ खोल आणि भुसभुशीत, तिथं मधल्या भागात ९५ ते १०५ मिलिमीटर रुंदीची स्की बरी पडते. बाइंडिंग किती जोरावर सुटावं ते वजन, उंची, वय आणि बुटाच्या तळाची लांबी यावरनं ठरतं, ते तिथल्या जाणकाराकडूनच लावून घ्या, मित्राच्या अंदाजानं नको, गुडघ्याचा प्रश्न आहे.

विमानानं जात असाल तर बूट हातातल्या बॅगेतच ठेवा. बाकी सामान हरवलं तरी भाड्यानं मिळेल, पायात बसलेला बूट मिळणार नाही.

नांदेडहून एक आई: मुलगा पुण्याला नोकरीला आहे, मित्रांसोबत स्कीला जायलाय. बीकन म्हणून कसलं यंत्र घ्यायचं म्हणतो, लै महाग आहे. गाइड सोबत असताना ते कामून पाहिजे? बातम्या बघून माझ्या पोटात गोळा येतो.

माय, तुमची काळजी खरी आहे आणि तुमचा मुलगा बरोबर वस्तू मागायलाय. गुलमर्गचा गोंडोला, म्हणजे तिथला रोपवे, अफरवट डोंगराच्या अंगावर साधारण ३,९५० मीटरपर्यंत जातो, तिथनं ठरावीक भागात स्की पेट्रोल, म्हणजे उतारांवरचं सुरक्षा पथक, बर्फ तपासतं, त्याच्या बाहेरचा डोंगर मात्र ज्याचा त्यानं बघायचा असतो. फेब्रुवारी २०२३ मध्ये त्याच अफरवटवर हिमस्खलनात दोन पोलिश स्कीअर गेले, पुढच्या वर्षी फेब्रुवारीत एक रशियन. हे तुम्हाला घाबरवायला सांगत नाही, त्या यंत्राचं काम कळावं म्हणून सांगतोय.

बर्फाखाली गाडला गेलेला माणूस पहिल्या दहा मिनिटांत बाहेर काढला तर दहातले नऊ वाचतात, अर्धा तास गेला की तेच प्रमाण तिसऱ्या हिश्श्यावर येतं. एवढ्या वेळात खालनं कुठलीच टीम वर पोहोचत नाही, सोबतचे मित्रच शोधतात. बीकन ४५७ किलोहर्ट्झवर सारखा सिग्नल सोडतो, कुणी गाडलं गेलं की बाकीचे आपला बीकन शोधायच्या मोडवर टाकून जवळ जातात, मग प्रोब म्हणजे घडीची लांब सळई खुपसून नेमकी जागा काढतात, मग फावड्यानं उकरतात. म्हणून बीकन, प्रोब, फावडं हे तिन्ही प्रत्येकाकडं पाहिजे. एकट्या गाइडकडं असून काय उपयोग, तोच गाडला गेला तर? प्रोब किमान २४० सेंटीमीटर, फावड्याचं पातं ॲल्युमिनियमचं, प्लॅस्टिकचं घट्ट बर्फावर मोडतं. बीकन तीन अँटेनाचा घ्या, सेल कंपनीनं सांगितलेलेच घाला, चार्जिंगचे नको. तो छातीला पट्ट्यानं बांधायचा, आतल्या थरावर, बॅगेत नाही, कारण बॅग वाहून जाऊ शकते. मोबाइल त्यापासून २० सेंटीमीटर तरी लांब ठेवायचा आणि शोधताना अर्धा मीटर, सिग्नलमध्ये गडबड होते.

पण माय, नुसतं विकत घेऊन होत नाही. मुलाला सांगा, जायच्या आधी मित्रांना घेऊन एखाद्या मैदानात सराव करा, एकानं कचऱ्याच्या ढिगात बीकन लपवायचा आणि बाकीच्यांनी घड्याळ लावून शोधायचा, हात बसेपर्यंत. तिथं पोहोचल्यावर रोज सकाळी हिमस्खलनाचा इशारा बघायचा, संरक्षण खात्याची डीजीआरई संस्था तो काढते, आणि ३० ते ४५ अंशाच्या उतारावर धोका सगळ्यात जास्त असतो, त्यामुळं इशारा वरचा असला की गाइड सपाट भागात नेतो, तेव्हा पोरांनी हट्ट करायचा नाही. पैसे कमी पडत असतील तर जॅकेट जुनं चालेल, गॉगल साधा चालेल, या तीन वस्तूंत काटकसर नको. विकत नसेल जमत तर गाइडकडं भाड्यानं मिळते का ते आधीच फोन करून विचारा.

बीडहून एक विद्यार्थी: मला चष्मा आहे, गॉगल कसा घालू? आणि ढगाळ असलं तर गॉगल लागतो का?

चष्म्यावरनं बसणारे गॉगल वेगळे येतात, त्यांची फ्रेम खोल असते, घालून बघूनच घे. ढगाळ असलं तरी लागतो रे बाबा. ताजा बर्फ ८० टक्क्यांपर्यंत अतिनील किरणं परत फेकतो, ढगातनं पण ती येतात, डोळे भाजले की रात्री वाळू गेल्यासारखे खुपतात आणि दुसरा दिवस गेला. चढताना मात्र गॉगलवर वाफ धरते, त्यासाठी बाजू झाकलेला, कॅटेगरी ३ चा (म्हणजे गडद काचेचा), तुझ्या चष्म्याच्या नंबरचा सनग्लास करून घेतलास तर सगळ्यात सोयीचं. हनुवटीच्या खाली आणि नाकपुड्यांना सनस्क्रीन लाव, ऊन खालनं पण येतं.

जालन्याहून एक वाचक: अमेरिकेतला भाचा सॅटेलाइटवरनं मेसेज जाणारं छोटं यंत्र पाठवायलाय. नेऊ का?

नेऊ नका दादा. आपल्याकडं सॅटेलाइट फोन परवानगीशिवाय बाळगता येत नाही आणि असली मेसेजची यंत्रं पण त्यातच धरतात, विमानतळावर परदेशी प्रवाशांना अशामुळं अडवलं गेलंय, काश्मीरमध्ये तर तपासणी अजून कडक. भाच्याला सांगा त्या पैशात चांगला बीकन पाठव.

छत्रपती संभाजीनगरहून एक वाचक: मागच्या वर्षी सगळं सामान घेतलं. आता वर्षातले दहा महिने ते आपल्या हवेत ठेवायचं कसं?

हा प्रश्न फार कमी लोक विचारतात आणि आपल्यासाठी तो सगळ्यात महत्त्वाचा आहे, कारण हे सामान जिथं बनतं तिथं मे महिन्यात ४३ अंश होत नाही. स्किनच्या मागचा गोंद उन्हाळ्यात पातळ होतो, त्यामुळं पत्र्याच्या खोलीत, माळ्यावर, गाडीच्या डिकीत स्किन ठेवू नका. त्यांच्यासोबत येणारी जाळी मध्ये लावून, गुंडाळून, घरातल्या सगळ्यात गार खोलीत खालच्या कप्प्यात ठेवा. बीकनमधले सेल आजच काढा, फुटले की आतले पत्रे खराब होतात. स्कीच्या लोखंडी धारेला पावसाळ्यात गंज चढतो, कोरडं पुसून तळाला वॅक्सचा जाड थर द्या, धारेवरनं पण फिरवा, आणि तो तसाच राहू द्या, जायच्या आधी खरवडायचा. फुगीर जॅकेट पिशवीत दाबून ठेवू नका, हँगरला लावा. शेलला साधी पावडर आणि फॅब्रिक कंडिशनर लावू नका, त्यानं कापड पाणी धरायला लागतं, शेलसाठीचा वेगळा वॉश मिळतो तो वापरा. बुटांची बकलं हलकी लावून ठेवा म्हणजे प्लॅस्टिकचा आकार बिघडत नाही, आणि आतलं अस्तर बाहेर काढून वाळवा, पावसाळा लागायच्या आत.