पदपथावरच्या टेबल-खुर्च्या

प्रश्न : पुण्यातील आमच्या गल्लीत एका उपाहारगृहाने पदपथावर टेबल-खुर्च्या मांडल्या आहेत. रात्री जाग राहते म्हणून काही शेजारी खूश आहेत. ज्येष्ठांना मात्र रस्त्यावर उतरून चालावे लागते. 'जागा आमच्या दारासमोरची आहे,' हे मालकांचे म्हणणे योग्य आहे का?

उत्तर : नाही. पदपथ हा सार्वजनिक रस्त्याचाच भाग असून, महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम २३१ नुसार तेथे विनापरवाना मांडलेल्या वस्तू आयुक्त पूर्वसूचनेशिवायही हटवू शकतात. २०१४ चा पथविक्रेता कायदा फेरीवाल्यांच्या उपजीविकेसाठी आहे, उपाहारगृहांसाठी नव्हे. रात्री गल्लीत जाग राहण्याचा मुद्दा मला पटतो, परंतु त्यासाठी चालणाऱ्यांनी वाहनांच्या रहदारीत उतरावे, हे न्याय्य नाही. मालकांशी बोलून उपयोग न झाल्यास महापालिकेच्या क्षेत्रीय कार्यालयाकडे छायाचित्रांसह लेखी तक्रार द्यावी आणि पोच घ्यावी.