इंडेक्स टाकताना कॉलमचा क्रम बघ

डेटाबेसच्या टेबलात प्रत्येक कॉलमवर सुटा इंडेक्स (नोंदी पटकन सापडाव्यात म्हणून ठेवलेली क्रमवार सूची) टाकत बसू नकोस. क्वेरीत, म्हणजे डेटाबेसला विचारलेल्या शोधात, ग्राहक आणि तारीख हे कॉलम नेहमी एकत्र येत असतील तर दोघांचा मिळून एकच कर, पण क्रम जपून लाव. बी-ट्रीमध्ये (इंडेक्स ज्या झाडासारख्या रचनेत साठवतात तिच्यात) नोंदी आधी पहिल्या कॉलमने लागतात; तो सारखा असेल तिथेच दुसऱ्याने. म्हणून (ग्राहक, तारीख) हा इंडेक्स नुसत्या ग्राहकाच्या शोधाला चालतो, नुसत्या तारखेला सहसा नाही. बरोबरीची अट असलेला कॉलम आधी, रेंजवाला (अमुकपासून तमुकपर्यंत अशी अट असलेला) नंतर.

आणि हो, अटीत इयर(तारीख) = 2024 असं, म्हणजे तारखेतून वर्ष काढणारं फंक्शन लावून, लिहिलंस की तारखेवरचा साधा इंडेक्स बहुतेक वेळा बाजूलाच पडतो. त्याऐवजी '2024-01-01' पासून '2025-01-01' च्या आधीपर्यंत अशी रेंज दे. मग एक्स्प्लेन (डेटाबेस क्वेरी कशी चालवणार ते दाखवणारी कमांड) लावून बघ, इंडेक्स खरंच वापरला जातोय का ते.