वाचक विचारतात: घरच्या शेडमध्ये ट्रॅकची गाडी

मागच्या अंकात सहज लिहून गेलो की जुनी हॅचबॅक घेऊन ट्रॅक डेसाठी घरीच तयार करता येते, तर प्रश्नांचा नुसता पाऊस पडला. आधी एक क्लिअर करतो, ट्रॅक डे म्हणजे रेस नाही. आपली गाडी घेऊन बंद ट्रॅकवर जायचं, पंधरा-वीस मिनिटांच्या सेशनमध्ये मनसोक्त पळवायची, नंबर नाही की बक्षीस नाही. सगळ्यांना उत्तर देणं जमणार नाही म्हणून पाच प्रश्न निवडलेत.

प्रश्न: दादा, हजार किलोची जुनी हॅचबॅक घेतलीय, इंजिन ठणठणीत आहे. पहिला खर्च टर्बोवर करू की फिल्टर-एक्झॉस्ट-रिमॅपवर? मित्रांमध्ये यावरून दोन गट पडलेत.

दोन्ही गटांना घरी पाठव. पहिला खर्च ब्रेक ऑइल आणि पॅडवर.

हिशोब बघ. हजार किलोची गाडी १६० वरून ८० वर आणली की जवळपास ७४० किलोज्यूल ऊर्जा कुठेतरी जिरवावी लागते. तेवढ्यात सव्वादोन लिटर गार पाणी उकळीला येतं. त्यातली बहुतेक ब्रेकमध्ये जाते, त्यातही पुढच्या दोन डिस्कवर जास्त लोड, आणि हे एकाच वळणाला. लॅपमध्ये अशी चार-पाच वळणं धर आणि असे आठ-दहा लॅप. रस्त्यावर आपण एवढा जोराचा ब्रेक वर्षातून एकदा मारतो, तोही कुत्रं आडवं आलं तर.

माझ्या पहिल्याच ट्रॅक डेला चौथ्या लॅपला पेडल सरळ मॅटला टेकलं. आधीच्या वळणाला जरा स्पंजसारखं लागलं होतं पण मी म्हटलं असेल, आणि पुढच्या वळणाला पाय गेला तो गेलाच, दोन-तीनदा पंप केल्यावर कसाबसा ब्रेक लागला आणि मी मातीत जाऊन थांबलो. गाडीला काही झालं नाही, माझे हात मात्र बराच वेळ थरथरत होते. ऑइल उकळलं होतं. ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषतं आणि त्याचा उकळबिंदू खाली येतो. नवं डॉट ४ (डॉट म्हणजे ब्रेक ऑइलचा ग्रेड) कमीत कमी २३० अंशांपर्यंत टिकायला हवं, ओल पकडल्यावर तेच १५५ पर्यंतसुद्धा येऊ शकतं. उकळलं की वाफेचे बुडबुडे होतात, बुडबुडा दाबला जातो, मग तुझा पाय बुडबुडाच दाबत बसतो आणि पॅडपर्यंत काहीच पोचत नाही. माझ्या गाडीत ते ऑइल किती वर्षांचं होतं ते मी कोणाला सांगत नाही.

दुसरा प्रकार वेगळा, नीट ओळखायला शीक. पेडल दगडासारखं घट्ट आहे, पूर्ण जोर लावलायस, तरी गाडी थांबत नाही, तर ऑइल ठीक आहे, पॅड तापून मेलेत. तिथे जास्त तापमानाचे ट्रॅक पॅड लागतात. ते थंड असताना किंचाळतात आणि नीट पकडत नाहीत, म्हणून रोज ऑफिसला नेणार असशील तर दोन सेट ठेव.

तर ताजं डॉट ४ किंवा डॉट ५.१ भर, रेसिंगचं म्हणून मिळतं त्याचा कोरडा उकळबिंदू ३०० च्या वर असतो. फक्त डॉट ५ घेऊ नको, नाव ५.१ सारखं असलं तरी ते सिलिकॉनचं असतं, बाकीच्यांत मिसळत नाही. ब्लीडिंग, म्हणजे जुनं ऑइल आणि हवा बाहेर काढणं, घरी होतं, दोन माणसं लागतात. मी आईला सीटवर बसवतो. मी खालून ओरडतो "दाब", ती दाबून धरते, मी चाकाजवळच्या ब्रेकवरचं निपल पाव फेरा सोडतो, पारदर्शक नळीतून बुडबुडे बाटलीत जाताना दिसतात, निपल बंद करतो आणि मगच "सोड". हा क्रम चुकला की हवा उलटी आत. आणि वरची टाकी रिकामी होऊ देऊ नको, नाहीतर सगळं पहिल्यापासून, आणि आई उठून जाते ते वेगळं.

टर्बोचं म्हणशील तर जास्त ताकद म्हणजे सरळीच्या शेवटी जास्त स्पीड, म्हणजे अजून ऊर्जा ब्रेकमध्ये, आणि ती स्पीडच्या वर्गाने वाढते. पुढच्या वर्षी बघू.

प्रश्न: स्प्रिंग कापून गाडी ४० मिलिमीटर खाली घेतली. दिसते एक नंबर, पण वळणात आधीपेक्षा जास्त कलंडते असं वाटतं. भास आहे का?

भास नाही हो. पुढच्या चाकाखाली वाकून लोअर आर्म, म्हणजे चाक बॉडीला जोडणारा खालचा दांडा, बघा. मूळ उंचीला तो बहुतेक आडवा किंवा चाकाकडे जरा उतरता असतो. बॉडी खाली बसली की आतलं टोक खाली जातं आणि आर्म उलटा, चाकाकडे चढता होतो. मॅकफर्सन स्ट्रटच्या (स्प्रिंग आणि शॉकअप एकाच खांबात असलेल्या) गाडीत असं झालं की रोल सेंटर, म्हणजे ज्या बिंदूभोवती बॉडी कलंडते तो, गाडीच्या वजनाच्या केंद्रापेक्षा जास्त खाली सरकतं, दोघांतलं अंतर वाढतं, म्हणजे गाडीला कलंडवणारा दांडाच लांब झाला. शिवाय चाक आत दबताना जो निगेटिव्ह कॅम्बर, म्हणजे चाकाच्या वरच्या कडेचा आतला झुकाव, मिळायचा तोही गेला, त्यामुळे टायर बाहेरच्या कडेवर उभा राहून घासतो.

कापलेली स्प्रिंग फेकून द्या, प्लीज. उडीवर चाक हवेत गेलं की ती जागेवरून सुटते. त्याऐवजी १५-२० मिलिमीटरच खाली, जरा कडक स्प्रिंग, तिला जुळणारे शॉकअप, आणि पुढे अडीच-तीन अंश निगेटिव्ह कॅम्बर. कॅम्बर बरोबर आहे का हे टायरच सांगतो. साइडवॉलवरून खांद्यापर्यंत खडूची रेघ ओढायची, तीन-चार लॅप मारून यायचं. रेघ साइडवॉलपर्यंत पुसली गेली तर टायर फार लोळतोय, हवा कमी आहे किंवा कॅम्बर कमी. खांद्यावरच शाबूत राहिली तर हवा जास्त. हवा मोजायची ती पिटमध्ये, म्हणजे ट्रॅकशेजारी गाड्या थांबतात तिथे, आल्या आल्या, गरम असताना. साधारण साडेपाच अंश तापमानाला १ पीएसआय वाढतो, त्यामुळे सकाळी थंड टायरमध्ये भरलेल्या आकड्याला ट्रॅकवर काही अर्थ उरत नाही.

प्रश्न: वजन कमी करायला काय काय काढू? आणि फ्लोअरवरची डांबरी शीट निघता निघत नाही.

मागची सीट, स्टेपनी, जॅक, टूलकिट, डिकीतलं कार्पेट, हे एका संध्याकाळचं काम. डॅशबोर्ड आणि पुढच्या दारांचं काही काढू नको, दारातली लोखंडी पट्टी बाजूने ठोकर बसली तर तुला वाचवते. एअरबॅगच्या पिवळ्या वायरींना तर हातच लावायचा नाही.

डांबरासाठी ड्राय आइस. उणे ७८ अंशांचा बर्फ, तुकडे करून शीटवर पसरायचा, दहा मिनिटं थांबायचं, डांबर काचेसारखं ठिसूळ होतं, मग हलक्या हातोडीने टकटक, आणि अख्खे चे अख्खे तुकडे उडतात. इतकं समाधान दुसऱ्या कुठल्या कामात नाही. पण तो बर्फ वितळून पाणी होत नाही, सरळ कार्बन डायऑक्साइड होतो आणि हा वायू हवेपेक्षा जड, खाली साठतो. तू फ्लोअरवर डोकं खाली घालून बसलेला असणार. म्हणून चारही दारं आणि शटर सताड उघडं, जाड हातमोजे, आणि डोकं गरगरलं तर उठून बाहेर.

प्रश्न: मूळ सीटवरच फोर पॉइंट हार्नेस (चार टोकांचा रेसिंग बेल्ट) लावला, खांद्याचे पट्टे मागे फ्लोअरला बांधलेत. रोल केज (आतला लोखंडी नळ्यांचा पिंजरा) नंतर करणार. चालेल ना?

नाही. हे एकच उत्तर मी न हसता देतोय.

खांद्याचे पट्टे मागे जवळपास आडवे जायला हवेत, एफआयए या मोटरस्पोर्टच्या जागतिक संस्थेच्या नियमात ४५ अंशांपेक्षा जास्त खाली उतरलेले चालत नाहीत. सरळ फ्लोअरला ओढलेत तर धडकेत ते मणका वरून खाली दाबतात. दुसरं, जांघेतला पट्टा नसला की खांद्याचे पट्टे कमरेचा पट्टा वर पोटावर ओढतात आणि माणूस खालून सरकतो. तिसरं, गाडी उलटली आणि छत खाली आलं तर हार्नेसने तुम्हाला ताठ बांधून ठेवलंय, वाकायला जागाच नाही. म्हणून पट्ट्यांसाठी भोकं असलेली फिक्स सीट, सिक्स पॉइंट हार्नेस आणि मागे रोल बार, म्हणजे सीटमागची लोखंडी कमान, हे तिन्ही एकत्रच येतात. तोपर्यंत कंपनीचा थ्री पॉइंट बेल्ट, तो त्या सीटसाठी आणि एअरबॅगसाठीच बनवलाय.

हार्नेस लावला की हान्सही घ्या, म्हणजे खांद्यांवर बसणारी आणि हेल्मेटला पट्ट्यांनी धरून ठेवणारी कॉलर. धड बांधलेलं आणि डोकं मोकळं, म्हणजे सगळा झटका मानेवर, हेच ओळखून रॉबर्ट हबर्ड आणि जिम डाउनिंग यांनी १९८० च्या दशकात ते बनवलं, फॉर्म्युला वनमध्ये २००३ पासून सक्तीचं आहे. आणि केज टाकलेली गाडी विनाहेल्मेट रस्त्यावर चालवू नका, उघडी नळी आणि उघडं डोकं यांचं जमत नाही.

प्रश्न: नवे सेमी स्लिक (खाचा कमी, पकड जास्त असे टायर) टाकल्यापासून लांब डाव्या वळणात ऑइलचा लाल दिवा क्षणभर लुकलुकतो आणि सरळीला विझतो. सेन्सर खराब असेल का?

सेन्सर बरोबर आहे, चालवणं थांबवा.

चांगला टायर वळणात १ जीच्या, म्हणजे वजनाएवढ्याच आडव्या ओढीच्या, आसपास जातो. १ जीला चेंबरमधल्या (इंजिनच्या तळाशी ऑइल साठतं तिथल्या) ऑइलचा पृष्ठभाग ४५ अंशांत तिरका होतो, म्हणजे ग्लास तिरका धरल्यासारखं सगळं ऑइल एका भिंतीवर चढतं. जुन्या टायरवर गाडी तेवढी धरतच नव्हती म्हणून कळलं नाही. छोट्या वळणात ऑइल परत येतं, लांब वळणात चार-पाच सेकंद स्ट्रेनर, म्हणजे पंपाची ऑइल ओढणारी जाळी, उघडा पडतो, पंप हवा ओढतो आणि बेअरिंग कोरडी फिरतात. दिव्याचा स्विच तर प्रेशर जवळजवळ संपल्यावरच पेटतो, त्यामुळे तुम्हाला दिसलं ते शेवटचं टोक. प्रेशर गेज लावा.

आधी नुकसान झालंय का ते बघा. ऑइल गरम असताना जुन्या पांढऱ्या बनियनमधून गाळा, फिल्टर कापून आतला कागद उन्हात पसरवा. तांब्यासारखी चमक दिसली तर चेंबर उतरवून बेअरिंग बघावी लागतील. काही नसेल तर चेंबरमध्ये आडव्या पट्ट्या, म्हणजे बॅफल, बसवा आणि ऑइल कायम वरच्या खुणेला ठेवा, दर सेशननंतर डिपस्टिक. एवढ्याने भागलं नाही तर प्रेशरखाली ऑइल साठवणारी वेगळी टाकी येते, अक्युसंप वगैरे, प्रेशर पडलं की ती इंजिनमध्ये ऑइल ढकलते.

जागा उरलीय म्हणून बऱ्याच जणांनी विचारलेलं एक: सेशन संपवून पिटला आलात की हँडब्रेक ओढू नका, तापलेला पॅड डिस्कला एकाच जागी चिकटतो आणि नंतर पेडल थरथरतं. शेवटचा लॅप ब्रेक न मारता हळू काढा, गाडी गिअरमध्ये टाका, चाकाला ठोकळा लावा, बॉनेट उघडा आणि चाकं निवली की टॉर्क रेंचने नट तपासा.