वाचकांचे प्रश्न : कंट्री संगीतातली कलाटणी

प्रश्न : अमेरिकन कंट्री संगीताचा जन्म १९२७ साली ब्रिस्टल गावात झाला, असं नेहमी वाचायला मिळतं. त्याआधी ते कुणी गात नव्हतं का? – एक वाचक, नाशिक

उत्तर : गात होते, आणि तबकड्याही निघत होत्या. तबकडी कंपन्यांसाठी गाणी मुद्रित करणारे राल्फ पीअर यांनी अटलांटात फिडलवादक फिडलिन जॉन कार्सन यांचं ध्वनिमुद्रण केलं ते १९२३ साली. पण तेव्हा भोंग्यासमोर गावं लागे. आवाजाच्या जोरावरच सुई मेणाच्या तबकडीत खाच पाडायची. खणखणीत गळा, फिडल आणि बँजो नीट उमटत. गिटारचा खर्ज आणि हळू आवाजात गाणारा माणूस मागे पडत. व्हिक्टर कंपनीने १९२५ पासून मायक्रोफोन वापरायला सुरुवात केली, आणि पीअर तीच यंत्रणा घेऊन ब्रिस्टलला गेले.

टेनेसी आणि व्हर्जिनिया या राज्यांची हद्द या गावाच्या मुख्य रस्त्याच्या मधोमध जाते. तिथल्या टोप्यांच्या कंपनीच्या इमारतीत २५ जुलै ते ५ ऑगस्ट या काळात १९ कलावंत आणि संचांची ७६ गाणी मुद्रित झाली. पुढे नावाजलेला कार्टर कुटुंबाचा गायकसंच आणि गायक जिमी रॉजर्स त्यांतलेच : कार्टर कुटुंबाची सहा गाणी १ आणि २ ऑगस्टला झाली, रॉजर्स यांची दोन ४ ऑगस्टला. मेणाची मूळ तबकडी वाजवून पाहिली की खराब व्हायची, म्हणून चूक तपासायची सोय नव्हती. गाणं पुन्हा गाऊन दुसरी तबकडी भरायची. एका बाजूला जेमतेम तीन मिनिटं मावत, त्यामुळे लांबलचक कथागीतांची कडवी गाळावी लागत.

या कुटुंबातल्या मेबेल कार्टर गिटारवर अंगठ्याने जाड तारांवर चाल वाजवायच्या आणि तर्जनीने बारीक तारा छेडून कॉर्ड (एकत्र वाजणारे स्वर) भरायच्या. भोंग्याच्या काळात ही चाल ऐकूच आली नसती. ‘जन्म’ हा शब्द आम्हाला म्हणूनच पटत नाही. संगीत आधीपासून होतं. ब्रिस्टलमध्ये त्यातली गिटार आणि हळवा गळा लोकांच्या कानांपर्यंत पोचला. पुढे कार्टर कुटुंबातल्याच ए. पी. कार्टर यांच्याबरोबर डोंगराळ भागात हिंडून गाणी गोळा करणारे कृष्णवर्णीय गिटारवादक लेस्ली रिडल यांचं नावही या संदर्भात घ्यायलाच हवं. ते फार थोड्या ठिकाणी घेतलं जातं.

प्रश्न : मी हवाईयन गिटार वाजवतो. कंट्री गाण्यांतल्या स्टील गिटारमध्ये एक स्वर जागेवर राहतो आणि बाकीचे दोन त्याच्याशेजारी वर सरकतात. बार (तारांवर फिरवायचा धातूचा दांडा) तर सगळ्या तारांवर एकत्रच फिरतो. मग हे होतं कसं? – एक वादक, सांगली

उत्तर : पेडलमुळे, म्हणजे पायाने दाबून ठरावीक तारा ताणणाऱ्या कळीमुळे. वेब पिअर्स यांच्या १९५४ साली गाजलेल्या ‘स्लोली’ या गाण्यात स्टील गिटारवादक बड आयझॅक्स यांनी ते वाजवलं. पेडल त्याआधीही होतं, पण वादक ते बहुधा दोन ओळींच्या मधे, एक जुळणी सोडून दुसरी लावायला दाबत. आयझॅक्सनी तार वाजत असतानाच पाय दाबला. गिटार पॉल बिग्सबी यांनी बनवलेली होती.

सरगमीत सांगायचं तर तारा ग-प-सां अशा लागलेल्या आहेत. पेडल दाबलं की गंधाराचा शुद्ध मध्यम होतो, पंचमाचा धैवत होतो आणि षड्ज हलत नाही. बार न हलवता घेतलेली ही दुहेरी मींडच आहे. पुढे स्टीलवादक बडी एमन्स यांनी दोन्ही ताणांसाठी दोन वेगळी पेडलं केली, त्यामुळे नुसता मध्यम किंवा नुसता धैवतही घेता येऊ लागला.

तुमच्या गिटारवर निम्मं काम नक्की जमेल. ई, बी, ई, जी शार्प, बी, ई अशी जाडीकडून बारीककडे जुळणी करा. बार सातव्या ते बाराव्या पडद्यावर ठेवा. तिसरी, दुसरी आणि पहिली तार एकत्र छेडा आणि बारच्या मागे, खुंट्यांच्या बाजूला, डाव्या हाताच्या अनामिकेने तिसरी तार ओढा. अर्धा स्वर चढला की मध्यम आला. खालच्या पडद्यांवर बारमागे तार आखूड उरते, तिथे बोट दुखेल आणि स्वर पोचणार नाही. तिसरी तार गुंडाळलेली असेल तर ती फारशी चढत नाही. साधी पोलादी तार लावा. ओढताना बार तिरका झाला तर पहिल्या तारेचा षड्ज बेसूर होतो, म्हणून अंगठ्याने बार दाबून धरा. पाचवी तार छेडू नका, तिच्यातला पंचम धैवताशी भांडतो. दुसरी तार पूर्ण स्वर ओढायला बरंच बळ लागतं, ती महिनाभराने घ्या.

गंधार ट्यूनरच्या काट्यावर सोडू नका. तानपुऱ्यातून आपसूक ऐकू येणारा गंधार ट्यूनरच्या गंधारापेक्षा सुमारे १४ सेंट (सेंट म्हणजे अर्ध्या स्वराचा शंभरावा भाग) उतरलेला असतो. पेडल स्टीलवादकही तो कानानेच उतरवून लावतात.

प्रश्न : कंट्री संगीताचं केंद्र असलेल्या नॅशव्हिलचे वादक नोटेशनऐवजी आकडे वाचतात म्हणे? – एक वाचक, ठाणे

उत्तर : हो. जॉर्डनेअर्स या गायकसंचातल्या नील मॅथ्यूज यांनी १९५०च्या दशकाच्या अखेरीस ही पद्धत बसवली आणि वादक चार्ली मकॉय यांनी ती साथीदारांत रुळवली. षड्जावरचा कॉर्ड १, मध्यमावरचा ४, पंचमावरचा ५. कॉर्ड मायनर (कोमल गंधाराचा) असेल तर आकड्यापुढे आडवी रेघ. एक आकडा म्हणजे एक मात्रासमूह. एकाच समूहात दोन कॉर्ड असले तर दोन्हींखाली रेघ. आकड्याभोवती चौकट तिरकी काढली असेल तर कॉर्ड एकदाच वाजवून घुमू द्यायचा.

जी पट्टीत १-४-५ म्हणजे जी, सी, डी. गायिकेने पट्टी एक स्वर चढवली तर तोच कागद ए, डी, ई असा वाचायचा, काही खोडावं लागत नाही. आपल्याकडे सा कुठेही धरता येतो, त्यामुळे हे लवकर कळतं. घोटाळा होतो तो एकाच ठिकाणी : आकडे चालीचे समजून वाचले तर. इथे चाल लिहिलेलीच नसते.

प्रश्न : फझचा करकरीत आवाज रॉकवाल्यांचा ना? – एक वाचक, पणजी

उत्तर : गिटारचा फाटका आवाज त्याआधीही ऐकू येत होता, पण फझची, म्हणजे आवाज मुद्दाम फाडणारी, पेटी निघाली ती कंट्री गाण्यातून. मार्टी रॉबिन्स यांच्या १९६१ सालच्या ‘डोंट वरी’मध्ये ग्रेडी मार्टिन यांची बेस गिटार मिक्सरच्या ज्या चॅनलमधून जात होती, त्यातला ट्रान्सफॉर्मर बिघडला होता. आवाज फाटला, पण गाण्यात तसाच ठेवला. इतर कलावंत तोच आवाज मागू लागले, तेव्हा ध्वनिमुद्रक ग्लेन स्नॉडी यांनी तो देणारं ट्रान्झिस्टरचं सर्किट बनवलं. गिब्सन कंपनीने ते १९६२ मध्ये मेस्ट्रो फझ-टोन या नावाने बाजारात आणलं. रोलिंग स्टोन्सच्या १९६५च्या ‘सॅटिस्फॅक्शन’मध्ये ऐकू येते ती हीच पेटी.