खाऱ्या हवेतले बोल्ट : वाचकांचे प्रश्न

मालवणला होड्यांच्या शेडसाठी गॅल्व्हनाइज्ड बोल्ट आणले. घरातले साधे नट दोन आटे जाऊन अडकतात. फिटर म्हणतो, बोल्टवर डाय (बाहेरचे आटे पाडायचं हत्यार) फिरवू. फिरवू द्यावी का?

मुळीच नको! साधारण 450 अंशांच्या वितळलेल्या जस्तात बुडवून काढलेल्या बोल्टवर 45-50 मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) थर बसतो. दुकानातल्या चकचकीत झिंक प्लेटिंगवर तो बहुतेकदा 5 ते 8 असतो. जाड थर आट्यांतही भरतो, म्हणून साधा नट अडकणारच. डाय फिरवलीत की नेमका तिथलाच थर तासला जाईल आणि पावसाळ्यात नटाखालून तांबडे ओघळ दिसू लागतील. एका टाकीच्या जिन्यावर मी ते पाहिले आहेत. वर चढायचं धाडस झालं नाही.

या बोल्टचे नट वेगळे मिळतात. मुलामा दिल्यावर त्यांना आतून किंचित मोठा टॅप (आतले आटे पाडायचं हत्यार) मारतात. आत जस्त दिसत नाही म्हणून गिऱ्हाईक ते परत करतं, पण तो दोष नाही. जस्त लोखंडाच्या आधी स्वतः झिजतं, त्यामुळे बोल्टवरचं जस्त नटाचे आटेही सांभाळतं. बोल्ट, नट, वॉशर जोडीनेच घ्या. नट हाताने शेवटपर्यंत फिरला पाहिजे. कसताना डोकं धरा, नट फिरवा, नटाखाली वॉशर ठेवा. भोकं जुळत नसतील तर आधी जुळवा. बोल्ट हातोड्याने ठोकू नका.

फ्लँजसाठी (पाइप जोडायच्या भोकांच्या कड्यांसाठी) निळे टेफ्लॉनवाले बोल्ट आले. नेहमीच्याच टॉर्कवर (पिळाच्या जोरावर) कसले, तर दोन ताणले गेले. माल खराब आहे का?

माल बहुधा चांगला आहे, टॉर्क चुकला. कोरड्या साध्या बोल्टचा टॉर्क गुणांक (घर्षण जितकं जास्त, तितका हा आकडा मोठा) 0.2 धरतात, टेफ्लॉनचा 0.12 च्या आसपास. म्हणजे त्याच टॉर्कला बोल्टवर दीडपटीहून जास्त ताण येतो. उत्पादकाचा तक्ता मागून घ्या. ताणलेले बोल्ट बदला, पुन्हा वापरू नका.

12.9 ग्रेडचे (फार मजबूत पोलादाचे) काळे ॲलन बोल्ट (डोक्यात षटकोनी खाच असलेले) गावातच झिंक प्लेट करून घेऊ का?

नको. ॲसिड आणि प्लेटिंगच्या टाकीत पोलादात हायड्रोजन शिरतो. कसलेला बोल्ट मग काही तासांनी किंवा दिवसांनी, कुणी हात न लावता, तुटतो. प्लेटिंगनंतर लगेच 200 अंशांच्या आसपास कित्येक तास भाजावं लागतं, आणि या ग्रेडला तेवढ्यानेही पूर्ण खात्री देता येत नाही.

बोल्टचं जादा टोक कापलं. आता?

तारेच्या ब्रशने घासा, तेल पुसा, जस्तयुक्त रंगाचे दोन हात द्या. पहिला वाळल्यावरच दुसरा.